फोटो आपला, नाव कुणाचं?
(मौदा इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल. मॅट्रिक झालो, कविता लिहितो. गोदीत एक गोष्ट पक्की कळते : ओझं ज्याच्या पाठीवर, माल त्याचा नसतो. फोटोच्या बाबतीत मात्र कायदा उलटा आहे. ज्यानं फोटो काढला, फोटो त्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हे साफ लिहिलंय. नोंदणीची सक्ती नाही, साहेबाचा शिक्का नाही. कन्हानच्या काठावर मोबाइलनं फोटो काढला, त्याच क्षणी हक्क तुमचा. हयातभर तुमचा, मेल्यावर ६० वर्षं वारसांचा. ज्यांच्या बापाच्या नावावर सातबारा नाही, त्यांच्याही पोरांना हे मागं राहतं.

अपवाद दोन. नोकरीत मालकासाठी काढलेला फोटो मालकाचा. पैसे मोजून कुणी काढून घेतला तर त्याचा. तसा नको असेल तर आधीच लेखी ठरवा.

आपले पोट्टे म्हणतात, नेटवर टाकला म्हणजे सगळ्यांचा झाला. काऊन? रस्त्यावर सायकल उभी केली म्हणून ती गावाची होते का? फेसबुक, इन्स्टाग्रामला आपण वापरायची परवानगी देतो, मालकी नाही. बाकी दुनियेला तर तेही नाही.

नदीवर धुणं धुणाऱ्या बायांचा मी काढलेला फोटो एका जाहिरातीत लागला. त्या बायांना विचारून मी तो काढला होता. जाहिरातवाल्यानं ना त्यांना विचारलं, ना मला. वर म्हणतो, ‘तुझं नाव टाकून काय होणार?’ हा सवाल जुनाच आहे. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. त शिकलेली बाई. तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले. तिला पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवीत.

म्हणून पुरावा जपा. मूळ फाईल कधी पुसू नका. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो दाबला जातो, त्यातली तारीख-वेळही गळून पडते. नेटवर लहान प्रत टाका, तीही नावासकट. चोरी दिसली की आधी स्क्रीनशॉट, पत्ता, तारीख, भांडण मागून. मग त्या साइटला लेखी तक्रार करा. २०१३ च्या नियमांप्रमाणं, तक्रार पटली तर ३६ तासांत फोटो अडवावा लागतो. पण २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. जाणूनबुजून धंद्यासाठी चोरणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे.

आणि सही करताना वाचा. आपल्या आज्यानं सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला, कारण त्याला वाचू दिलं नव्हतं. तुम्हाला वाचता येतं. लेखी सहीशिवाय हा हक्क विकला जात नाही. कागदावर मुदत नसेल तर ती ५ वर्षंच धरतात.

पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसऱ्यांच्या फोटोत उभे राहिलो. खाली छापलं जायचं : ‘एक मजूर’. आता कॅमेरा आपल्या हातात आहे. खाली नाव लिहा. पुरं लिहा.