आधी जपा, मग झाडा

घटस्थापना जवळ आली की आपल्याकडे घर आवरायला काढतात. गोधड्या धुवायला जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात, कोपऱ्यातली जळमटं निघतात. आणि या धांदलीत दरवर्षी एखादी कामाची वस्तू रद्दीबरोबर जाते. मग महिनाभर शोधाशोध. आज आम्ही बोलणार आहोत ते अशाच एका साफसफाईबद्दल. फक्त ही साफसफाई घराची नाही, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात कुठे कॉम्प्युटर? पण तुमच्या गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर आहे, तुमच्या आधारची प्रत त्यात आहे. म्हणजे हा विषय तुमचाच आहे.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या कार्यालयात चाळीसएक गटांचे हिशेब एका कॉम्प्युटरवर असतात. बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचे हप्ते, सगळं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो कॉम्प्युटर फार मंदावला. बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी तो आपला फिरतोच आहे. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. मार्च तोंडावर, हिशेब तपासनीस येणार. आम्ही दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. ते म्हणाले, "सी फॉरमॅट करतो, डीला हात लावत नाही. महत्त्वाचं सगळं डीमध्ये आहे ना?" आम्ही म्हणालो, "हो, डीमध्येच आहे."

आम्हाला खरंच तसं वाटत होतं. मागच्या वर्षांचे हिशेब डीमध्ये होतेच. पण चालू वर्षाची फाइल रोज लागते, म्हणून ती डेस्कटॉपवर ठेवली होती. समोर दिसणारा तो डेस्कटॉप कुठल्या ड्राइव्हमध्ये असतो, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. मैत्रिणींनो, तो सीमध्ये असतो. डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सही, आपण मुद्दाम हलवले नसतील तर, सीमध्येच असतात. संध्याकाळी कॉम्प्युटर नव्यासारखा पळायला लागला आणि आमचा अकरा महिन्यांचा हिशेब गेला होता.

पुढचे पंधरा दिवस आम्ही गावोगाव फिरलो. ज्या गटांनी कागदी वह्या चालू ठेवल्या होत्या त्यांचं निभावलं. पण एका गटाची वही आम्हीच बंद करायला लावली होती, "आता कॉम्प्युटर आहे, दोनदा कशाला लिहायचं?" म्हणून. तिथे सदस्यांची पासबुकं गोळा केली. एका ताईंचं पासबुक हरवलेलं. त्यांनी तीन हप्ते भरले होते, त्याची नोंद कुठेच नाही. त्यांना म्हशीसाठी नवं कर्ज हवं होतं आणि जुनी बाकी दिसत होती. आम्ही त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने पुरावा मागायचा? पुरावा सांभाळण्याचं काम तर आमचं होतं. शेवटी बँकेत भरणा केलेल्या पावत्या काढल्या. त्या तीन महिन्यांत बाकी सगळ्यांचे हप्ते मिळवले तरी भरण्याची रक्कम जास्त होती, आणि ती बरोबर त्या ताईंच्या हप्त्याएवढी होती. तेव्हा कुठे त्यांचं खातं सरळ झालं. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग साफसफाई करायचीच नाही का? करायची. तिचे फायदे खरे आहेत. सी ड्राइव्ह गच्च भरला की विंडोजला काम करायला जागा उरत नाही. अपडेट येत नाहीत, आणि अपडेट नसलेला कॉम्प्युटर व्हायरसला लवकर बळी पडतो. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असलेली बरी. पसारा कमी असला की फाइल पटकन सापडते, प्रत काढायला वेळ कमी लागतो. पण एक लक्षात ठेवा. डिस्क निम्मी रिकामी असूनही कॉम्प्युटर मंद असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. रॅम कमी असेल, किंवा डिस्कच म्हातारी झाली असेल. तिथे झाडून उपयोग नाही.

जागा कशाने भरते? सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज उघडलं की कशाने किती जागा घेतली ते दिसतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त जागा मेळाव्यांच्या व्हिडिओंनी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फोटोंनी घेतली होती. एकच फोटो चार-चार ठिकाणी. हे डोळ्यांनी बघून काढता येतं. तिथेच टेंपररी फाइल्स म्हणून एक भाग असतो. त्या तात्पुरत्या फाइली काढायला हरकत नसते. पण त्या यादीत कधी कधी डाउनलोड्सही असतं. बँकेचं स्टेटमेंट, शासनाची परिपत्रकं आपण तिथेच उतरवलेली असतात. तिथली खूण काढूनच पुढे जा. आणि विंडोज, प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांमध्ये जाऊन हाताने काहीही पुसू नका. नाव कळत नाही म्हणजे ते निरुपयोगी, असं नसतं.

आता पुसणं म्हणजे काय ते समजून घेऊ. डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. ही आपली दारातली कचरापेटी, हात घालून वस्तू परत काढता येते. पण शिफ्ट दाबून डिलीट केलं, किंवा पेन ड्राइव्हमधून पुसलं, तर फाइल या पेटीत येतच नाही. तरीही जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर ती लगेच नाहीशी होत नाही. वहीच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडावी आणि आतलं पान तसंच राहावं, तसं होतं. त्या पानावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते वाचता येतं. म्हणून चुकून पुसलं गेलं तर पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर वापरणं थांबवणं. फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर टाकायचं नाही. आमच्या बाबतीत त्या पानांवर नवं विंडोज लिहिलं गेलं होतं. जाणकाराने काही फाइली काढून दिल्या, पण त्या उघडल्याच नाहीत. नव्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असते. तिच्यातून पुसलेलं परत मिळण्याची आशा फारच थोडी.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पुसलेलं सहज जात नाही, म्हणून जुना कॉम्प्युटर विकताना किंवा भंगारात देताना जपायला हवं. त्यात शेकडो बायकांच्या आधारच्या प्रती, खाते क्रमांक, सह्या असतात. साधं डिलीट करून तो दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे कपाट किल्लीसकट विकणं. विंडोज रिसेट करताना सगळं काढून टाकण्याचा पर्याय असतो, आणि त्याच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा. तो निवडा. वेळ लागतो, लागू द्या. आणि मुळात जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार घ्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजार दोष आहेत, इथे क्लिक करा" अशा पाट्या येतात, फोनही येतात. असलं फुकटचं क्लीनर घेऊ नका. त्यात फसून पैसे गेले तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करा.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. साफसफाईच्या आधी सगळ्या हिशेबाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढतो. ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो, कारण न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नव्हे. फाइल कट करून हलवत नाही, कॉपी करतो, तपासतो, मगच जुनी पुसतो. मध्येच लाइट गेली तरी नुकसान नाही. दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक कार्यालयात कुलपात, दुसरी अध्यक्ष ताईंच्या घरच्या कपाटात. काम झालं की त्या कॉम्प्युटरपासून काढून ठेवतो, म्हणजे व्हायरस आला तरी तिथे पोहोचत नाही. दर मासिक बैठकीनंतर हे काम होतं आणि ज्या ताईने केलं ती वहीत सही करते. पुसायचं काय ते एकटीने ठरवायचं नाही, दोघींनी मिळून. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर झाडझूड सोडा, आधी प्रत काढा.

कागदी वही? ती पुन्हा सुरू केली आहे. आता तिला कुणी जुनाट म्हणत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या हिशेबनीस ताईंना एकच प्रश्न विचारा. "हा कॉम्प्युटर आज बंद पडला, तर आमचा हिशेब दुसरा कुठे आहे?" त्या रागावणार नाहीत. उत्तर लगेच आलं तर त्यांचं कौतुक करा. नाही आलं, तर त्याच दिवशी सगळ्या मिळून बसा. हा प्रश्न आम्हाला कुणी वेळेवर विचारला असता, तर त्या ताईंची म्हैस दोन महिने आधी दारात आली असती.