पिलांची पिसं गळतात तेव्हा

(देणगीदारांच्या मेळाव्यात वसतिगृहाच्या कार्यकर्तीने केलेले भाषण)



मुलांचे निकाल अहवालात आहेत, ते तुम्ही वाचालच. मी बोलणार आहे त्यांच्या लाव्ह्यांबद्दल. लावे म्हटले की आपल्याला रानात इस्राएल लोकांच्या तळावर उतरलेले पक्षी आठवतात. आमच्याकडची आहे ती जपानी लाव्ही, बाजारात तिला बटेर म्हणतात. रानातले लावे पकडायला कायद्याने बंदी आहे, म्हणून ही पाळीव जात. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम सात-आठ ग्रॅमचं असतं, आणि मुलांनी एकेकाला नाव दिलेलं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ही गोजिरवाणी पिल्लं पार ओंगळ दिसू लागतात. मान विरळ, पाठीवर काटेरी खुंट, जाळीखाली लव आणि पांढरा कोंडा. भेटायला आलेले एक पालक पाहताक्षणी म्हणाले, "बाई, रोग आलाय. आजच पुरून टाका."

त्यांना हसू नका. आमचा तालुका नवापूर. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच सापडला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. ज्याने ते पाहिलंय, त्याला गळलेलं पीस पाहून धडकी भरणारच.

पण ही पिसं रोगाने गळत नव्हती. जन्माची लव जाते आणि तिच्या मुळातून खरं पीस वर येतं. ते आधी पातळ वेष्टणात गुंडाळलेलं असतं. तोच तो खुंट. वेष्टण सुटतं त्याचा कोंडा होतो. चौथ्या आठवड्याच्या सुमारास अंग भरतं. तोवर छातीवरून नर-मादीही कळते: नराची छाती तांबूस, मादीची ठिपक्यांची. पिल्लू चपळ आहे, खातंय आणि जागोजागी खुंट दिसतायत, तर बिनघोर राहावं.

एकाच जागी टक्कल, रक्त, खुंटांचा पत्ता नाही, हे मात्र वेगळं. बहुतेकदा पिल्लंच एकमेकांना टोचत असतात. खुंटात रक्त असतं. एक तुटला की बाकीची तिथेच चोच मारतात. दाटी, प्रखर दिवा आणि निकस खाद्य ही त्याची कारणं. जखमी पिल्लू लगेच वेगळं ठेवायचं. माथाच सोललेला असेल तर छताकडे बघा. लाव्ही दचकली की सरळ वर उडते, म्हणून आम्ही जाळीखाली आतून गोणपाट ताणलंय. आणि भराभर मरतूक दिसली, तर पक्ष्यांना हात न लावता गुरांच्या दवाखान्यात कळवायचं. तिथे ते पालक बरोबरच आहेत.

आता खाद्याचं. पीस बहुतांशी प्रथिनाचंच बनलेलं असतं. लाव्हीच्या पिलांना सुरुवातीला साधारण चोवीस ते सत्तावीस टक्के प्रथिन लागतं, आणि घरोघरी त्यांना मिळते तांदळाची कणी. कणीवर पिल्लू जगतं, पण पिसं नीट येत नाहीत. उघड्या अंगाला गारठा लागतो, आणि आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे काय थंडी असते ते मुक्कामाला आलेल्यांना ठाऊक आहे. दिव्याची ऊब लवकर काढली की पिल्लं एकावर एक चढून चेंगरतात.

म्हणून स्पष्टच मागते. पुष्कळ जण प्रेमाने विचारतात, "आणखी पिल्लं देऊ का?" पिल्लं नकोत. आहेत त्यांच्यासाठी पहिल्या महिन्याचं स्टार्टर खाद्य द्या. सुट्टीत मुलं दोन-दोन लाव्ह्या घरी नेतात, त्यांच्यासोबत एकेक पिशवी देता येईल.

त्या पालकांना मी आठ दिवस थांबायला सांगितलं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते आले, मुलीने पिल्लू उलटं धरून ठिपके दाखवले. "मादी आहे," ती म्हणाली, "सातव्या आठवड्यापर्यंत अंडं देईल." त्यांनी पंख फाकवून दोन्हीकडून नीट पाहिला आणि विचारलं, "घरी नेली तर हिला पेंड चालेल का?"