पांजरपोळाचे कुरण आणि हुमणी : एक विवेकाचा प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील व्याख्यानाचा संक्षेप)



जीवदयेचे कार्य करणाऱ्या आपणांपुढे मी, एक निवृत्त पशुवैद्य, हुमणीविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु मुक्या जनावरांचा चारा आणि आपले अहिंसाव्रत या दोहोंची कसोटी येथे लागते.

वळवाच्या सरी कोसळल्या की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. मादी मातीत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अर्धचंद्राकृती पांढऱ्या अळ्या पावसाळाभर मुळे खातात. गवत पिवळे पडते आणि ओढल्यास सतरंजीसारखे हाती येते.

अशा वेळी घाईने विष टाकले जाते. सेवेत असताना मला एका कुरणावर तातडीने बोलावले होते. दाणेदार फोरेट टाकून दुसऱ्याच दिवशी गुरे सोडली होती. तोंडाला लाळ, अंगाला कंप, श्वासाला धाप! ॲट्रोपीनच्या इंजेक्शनांनी काही वाचली. दोन वासरे माझ्या डोळ्यांदेखत गेली. अळ्या वेचणारे बगळेही मरून पडले होते. शासनाच्या 2018 च्या आदेशाने फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून पूर्णतः बंद झाले. कोठारात जुनी पिशवी सापडल्यास ती वापरू नये, नाल्यातही फेकू नये. कृषी अधिकाऱ्यांना कळवावे.

मग करावे काय? प्रथम ओळख पटवावी. शेणखतातील प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. पाठीवर सरपटणारी अळी कुजका पालापाचोळा खाते. ती मातीची सेवकच होय. कुरणात चार-पाच ठिकाणी फूटभर चौरस माती अलगद उकरून पाहावी आणि पुन्हा बसवावी. अळ्या मोजक्याच असतील तर गवत त्यांना सोसते.

कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. सतत खुरटलेल्या गवताची मुळे उथळ राहतात व थोड्या अळ्यांनीही ते वाळते. मे-जूनमध्ये सायंकाळी कुरणालगतचे प्रखर दिवे मालवावेत. प्रकाशाकडे भुंगेरे ओढले जातात. मैना, बगळे यांना हुसकावू नये. उघडी पडलेली जागा पुन्हा पेरावी व तोवर कडबा राखून ठेवावा.

मेटारायझियम ही बुरशी रासायनिक विषापेक्षा गुरांना पुष्कळ सुरक्षित आहे. पण तीही अळीला मारतेच. तिला अहिंसक म्हणून आपण स्वतःची फसवणूक करू नये. संकल्पी हिंसा टाळणे हे श्रावकाचे व्रत आहे. म्हणून आधी प्रतिबंध, नंतर सहन, आणि त्यापुढचा निर्णय विश्वस्तांनी एकत्र बसून, पशुवैद्य व कृषितज्ज्ञांना विचारून घ्यावा. तो एकट्या गुराख्यावर सोडू नये. ज्या औषधाच्या वेष्टनावर चराऊ कुरणाचा उल्लेख नाही, ते कुरणात कदापि नको.

गेल्या पन्नास वर्षांत या संस्थेने असंख्य जीवांना आसरा दिला. त्यांच्या पायांखालची मातीही आपल्या यत्नाचाराची अधिकारी आहे, एवढेच नम्रपणे सांगून मी थांबतो.

जय जिनेंद्र!