पावणेदोन तासांची फ्लॉपी

मी म्हैसूरहून बोलतोय. २०१४ साली सरकारने आमच्या गावाचं इंग्रजी नाव बदललं. आपण मराठी माणसं आधीही म्हैसूरच म्हणत होतो, आताही म्हैसूरच म्हणतो, त्यामुळे आपल्याला पाट्या सोडून काही बदलावं लागलं नाही. आजचा विषय आहे टेलिफोनच्या तारेवरून मुक्त सॉफ्टवेअर कसं वाटलं जायचं. ऐकणाऱ्यांत बरेच जण तेव्हा जन्मले नव्हते, म्हणून आधी एक गणित मांडतो.

साडेतीन इंची फ्लॉपी तुम्ही निदान 'सेव्ह'च्या चित्रात तरी पाहिली असेल. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावायचे. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्यासारख्यांना परवडणारा मॉडेम सेकंदाला २४०० बिट पाठवायचा. एका बाइटचे आठ बिट, शिवाय मागेपुढे एकेक, म्हणजे दहा. सेकंदाला २४० बाइट. भागाकार केलात तर ६१४४ सेकंद येतात. एक तास बेचाळीस मिनिटं! एक फ्लॉपीभर माल आणायला पावणेदोन तास फोन अडकलेला, आणि तेवढ्या वेळात घरातल्या कुणी रिसीव्हर उचलला की खेळ खलास. पडद्यावर 'नो कॅरिअर' अशी दोन शब्दांची ओळ यायची. ज्यांनी ती पाहिलीय त्यांच्या पोटात अजूनही गोळा येत असेल.

या सगळ्याची सुरुवात शिकागोतली. जानेवारी १९७८ मध्ये तिथे जबरदस्त बर्फ पडलं. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस घरात अडकले, आणि क्लबातल्या मंडळींना निरोप ठेवता यावेत म्हणून त्यांनी एक यंत्रणा उभी केली. क्लबात भिंतीवर सूचनाफलक असतो ना, तसाच फलक, फक्त फोन करून वाचायचा. फेब्रुवारीत तो सुरू झाला. 'बुलेटिन बोर्ड' हे नाव तिथून आलं. क्रिस्टेन्सनने त्याच्या आदल्या वर्षीच एक्समोडेम लिहिलेलं होतं आणि ते सगळ्यांना वापरायला खुलं करून टाकलं होतं. त्याची युक्ती वाण्याच्या हिशेबासारखी आहे. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यातल्या आकड्यांची बेरीज शेवटी लिहायची. पलीकडच्याने तीच बेरीज करून पाहायची. जुळली तर 'मिळालं, पुढचं पाठव', नाही जुळली तर 'तेच परत पाठव'. खरखरणाऱ्या तारेवरून बिनचूक फाइल आणायची ही साधी पद्धत.

पण लाइन तुटली की पहिल्यापासून सुरू. म्हणून १९८६ साली चक फोर्सबर्गने झेडमोडेम आणलं, तेव्हा काय सोय झाली ते आम्हाला विचारा. जिथे तुटलं तिथून पुढे! आपल्याकडे मधल्या रात्री एक्स्चेंजमध्ये काय व्हायचं देव जाणे, पण दीड तासाची सलग लाइन मिळणं ही चैन होती. माझ्या मते भारतात सॉफ्टवेअर पसरवण्याचं श्रेय ज्या गोष्टींना द्यायला हवं, त्यांत ही 'पुढे चालू' फार वरची आहे आणि तिचं नाव कुणी घेत नाही.

आपल्याकडे मुंबईत सुचित नंदा यांचा 'लाइव्ह वायर' बोर्ड होता. बंगळूरला अतुल चिटणीस यांनी १९८९ साली 'सिक्स' सुरू केला, देशातल्या अगदी पहिल्या काही बोर्डांपैकी एक. आडनावावरून तुम्ही ओळखलंच असेल. जन्म बर्लिनचा, कर्तृत्व बंगळूरचं. २०१३ च्या जूनमध्ये कर्करोगाने गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. माणूस फटकळ, कुणाचं लांगूलचालन न करणारा, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्यावर चिडणारेही त्यांचे लेख कापून ठेवायचे.

म्हैसूरहून बंगळूरच्या बोर्डाला फोन म्हणजे एसटीडी. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे एसटीडी बूथवर रांगा लागत आणि घरी फोन असणारे घड्याळाकडे बघत बसत. मी तेव्हा इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. आमच्याकडे फोन होता तो अप्पांच्या दुकानात, आणि त्याचं बिल अप्पा स्वतः तपासायचे. मग आम्ही हमरस्ता बदलला. माझा मावसभाऊ बंगळूरला होता, त्याला बोर्ड म्हणजे लोकल कॉल. तो आठवडाभर उतरवून घ्यायचा, शनिवारी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती फ्लॉप्यांचा डबा बसने पाठवायचा. रविवारी आमच्या माडीवर पाच-सहा जण जमायचे आणि कॉपी चालायची. पुढे त्यांतला एक जण मंड्याला न्यायचा, एक जण हासनला. तेव्हा 'डायल-अपवरून वितरण' असं जे आपण म्हणतो, त्यातला तारेचा भाग एवढाच होता: एकदा, एका ठिकाणी. पुढचं सगळं एसटी बस आणि माणसांचे हात. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरायची, ती आम्ही खरंच कापसाने पुसायचो.

बोर्डावर एक नियम असायचा तो मला फार आवडे. रोज ठरावीक मिनिटंच बसता येई, आणि नुसतं घेत राहिलात तर दार बंद. काहीतरी चढवा, मग उतरवा. एकाला किती, त्याचं प्रमाण ठरलेलं असे. आपल्या भिशीसारखंच: हप्ता भरणाऱ्यालाच उचल. आमच्यासारख्या पोरांकडे चढवायला काय असणार? मावसभावाने मराठी महिन्यांप्रमाणे कॅलेंडर छापणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, सोबत 'हवा त्याला द्या' अशी चिठ्ठी जोडली आणि चढवला. तो किती जणांनी नेला हे आम्ही रोज बघायचो.

आता 'मुक्त' या शब्दाबद्दल. इंग्रजीत एकाच शब्दात फुकट आणि मोकळं दोन्ही बसतं, म्हणून तिकडे वर्षानुवर्षं खुलासे चालू आहेत. आपल्याकडे शब्दच वेगळे. फुकट म्हणजे फुकट, मुक्त म्हणजे मुक्त. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ च्या सुमारास तो ईमॅक्सची टेप १५० डॉलरना विकायचा. मुक्त, पण फुकट नाही. उलट बोर्डावरचं बरंचसं फुकट होतं पण मुक्त नव्हतं: वापरा, आवडलं तर पैसे पाठवा, आतलं मात्र दाखवणार नाही. डॉलर पाठवायचे कसे, हा आमचा वेगळाच प्रश्न. परकीय चलनासाठी बँकेत अर्ज करून वीस डॉलरचा प्रोग्रॅम घेणारा विद्यार्थी मी तरी पाहिला नाही. आणि तिसरा प्रकार, ज्याबद्दल सगळे गप्प असत: वर्डस्टार, डीबेस, लोटस. प्रत्येक क्लासमध्ये चोरीच्या कॉप्यांवरच शिकवलं जायचं. त्या दिवसांत 'याची कॉपी करा, दुसऱ्याला द्या, तो तुमचा हक्क आहे' असं लिहिलेला परवाना वाचला तेव्हा आम्हाला आधी ते खरंच वाटलं नाही. वाणी घरी येऊन 'उधारी फेडू नका' म्हणाला तर कसं वाटेल, तसं.

त्या परवान्यात एक अट होती आणि आमची साखळी नेमकी तिथेच अडायची. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ ची. ती सांगते की प्रोग्रॅम देताना त्याचा मूळ कोड द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असं निदान तीन वर्षांसाठी लेखी सांगा. पण कोड म्हणजे आणखी फ्लॉप्या, आणखी पावणेदोन-पावणेदोन तास. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी म्हणायचं, 'चालणारं तेवढं घे, बाकी पुढच्या खेपेला.' पुढची खेप येत नसे. म्हैसूरला निम्मं पोचायचं, हासनला फक्त चालणारं. परवान्यात पैसे न घेता देणाऱ्यांना थोडी सूट आहे, आपल्याला मिळालेली ती लेखी हमी पुढे दिली तरी चालते. पण हमीचा कागद फ्लॉपीबरोबर जातोय कुठे! मुक्त सॉफ्टवेअर म्हणून बंगळूरहून निघालेली वस्तू तिसऱ्या गावी नुसती फुकट होऊन पोचायची. यात कुणाची बदमाशी नव्हती. तारेचा वेग आणि फोनचं बिल यांनी ते ठरवलं.

लिनक्सच्या बाबतीत तर हे चालणारच नव्हतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये पहिली आवृत्ती फिनलंडच्या सर्व्हरवर ठेवली ती जेमतेम दहा हजार ओळींची. पण १९९३ च्या जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंगचं स्लॅकवेअर आलं ते २४ फ्लॉप्यांचं. २४ गुणिले पावणेदोन करा. चाळीस तासांच्या वर. सरकारी जाळ्यावर, म्हणजे अर्नेटवर, जे होते त्यांना ते सोपं होतं. १९८६ पासूनचं ते जाळं, पण त्यावर आधी आयआयटी, आपली मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था अशी मोजकीच ठिकाणं. ज्यांना फक्त ईमेल होती ते सर्व्हरला पत्र लिहून फाइल मागवायचे. ती अक्षरांत रूपांतरित होऊन, एकतृतीयांश फुगून, डझनावारी पत्रांतून यायची. सतरावं पत्र हरवलं की बाकीची कुचकामी.

आणि बोर्ड चालवणाऱ्यांवर टांगती तलवार वेगळीच. १९९४ च्या आसपास दूरसंचार खात्याने असं ठरवलं की बोर्ड चालवायचा तर परवान्याची फी भरा, आणि ती लाखांत. हौसेने घरच्या फोनवर बोर्ड चालवणारा लाख रुपये आणणार कुठून? आरडाओरडा झाला, टांगणी मात्र राहिली.

मार्ग निघाला तो तारेवरून नाहीच. १९९६ साली 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत स्लॅकवेअरची सीडी वाटली. त्यामागे पुढाकार पुन्हा चिटणिसांचा. साडेसहाशे मेगाबाइटची सीडी ९६०० च्या मॉडेमने उतरवायची तर आठ दिवस आणि आठ रात्री लाइन चालू ठेवावी लागली असती. ती इथल्या पेपरवाल्याकडे अंकाच्या किमतीत मिळाली. कोडसकट! हासनचा मित्र पोस्टकार्डात लिहितो, 'या वेळी कुणी काही गाळलेलं नाही.' आमच्याकडे ज्या पोरांनी आधी वर्षभर फ्लॉप्या वाहिल्या होत्या, ती पोरं त्या महिन्यात घरोघरी जाऊन इन्स्टॉल करून देत होती.

तेवढ्यात १५ ऑगस्ट १९९५ पासून व्हीएसएनएलचं इंटरनेट सुरू झालेलं होतं. विद्यार्थ्यांना जे स्वस्त खातं मिळे त्यात फक्त अक्षरं दिसत, चित्रं नाहीत. त्यावर तोडगा होता स्लर्प नावाचा छोटा मुक्त प्रोग्रॅम. आपल्या खात्यात चढवायचा, तिथेच कंपाइल करायचा, आणि अक्षरांच्या खात्यातून पूर्ण इंटरनेट चालायचं. कोड हातात असल्याचा फायदा पोरांना कुठल्या भाषणाने पटला नसता तो याने पटला. स्लर्पचे वंशज आजही क्यूएमूसारख्या प्रोग्रॅममध्ये काम करताहेत.

आणि मराठी? या सगळ्या धामधुमीत मराठी कुठे होती, हे मला बरेच जण विचारतात. रोमन लिपीत होती. पुण्याच्या सीडॅकने मेहनत घेतली होती, १९९१ चं इस्की हे प्रमाण होतं. पण इस्कीतली आपली अक्षरं १२८ च्या वरच्या आकड्यांत बसवलेली, आणि वाटेतल्या कित्येक मेल यंत्रणा आठवा बिट कापून टाकत. १७९ हा 'क'चा आकडा. त्यातून १२८ गेले की उरतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी तीन. 'कखग' पाठवावं तर पलीकडे '३४५' उमटायचं. शिवाय प्रत्येक फाँटवाल्याची अक्षरांची मांडणी वेगळी. मजकुरासोबत फाँट पाठवायचा, म्हणजे आणखी एक फ्लॉपी. मावसभावाच्या कॅलेंडरातही 'चैत्र' रोमनमध्येच होता. कन्नड मित्रांची तऱ्हा तीच. १९९८ ला 'बरह' आलं तेव्हा ते खुश झाले. ते फुकट होतं, मुक्त नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना मी हे ऐकवलं नाही.

शेवटी एक कामाचं. अमेरिकेतल्या बोर्डांवरच्या फाइली लोकांनी हजारोंनी जपल्या आहेत, आज घरबसल्या मिळतात. आपल्याकडच्या बोर्डांवरचं, आपल्या पोरांनी लिहिलेलं, मला फारच थोडं सापडलंय. ते अजून असेल तर कुणाच्या तरी माळ्यावर, चहाच्या डब्यात. तुमच्या घरी असा डबा असेल तर फ्लॉपी लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी कोपऱ्यातली खिट्टी सरकवून छिद्र उघडं करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. मग झाकण बाजूला सारून चकतीवर पांढरे ठिपके आहेत का पाहा. असतील तर वाचायचा प्रयत्न करू नका, बुरशीने ड्राइव्हही जाईल आणि पुढची फ्लॉपीही. स्वच्छ असेल तर यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो, त्यावर एकेक फाइल न ओढता अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा काढा. लेबलवरचं हस्ताक्षर कुणाचं ते लिहून ठेवा. आमच्या माडीवरच्या डब्यातल्या छत्तीसपैकी अकरा वाचल्या गेल्या. कॅलेंडर त्यांत नव्हतं. मावसभावाच्या घरचा डबा पुढच्या महिन्यात उघडणार आहोत.