दगडातले बिऱ्हाड

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



इटली म्हटले की रोम, व्हेनिस आणि तो कललेला मनोरा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मी सांगणार आहे तो मातेरा जिल्हा मात्र खाली दक्षिणेला, इटलीच्या बुटाची टाच आणि चवडा यांच्या मधल्या खोबणीत आहे. लेक-जावयांनी हौसेने नेले म्हणून मला तो पाहायला मिळाला. बारी शहराहून लहान रुळांच्या आगगाडीने जाता येते.

मातेरा गाव एका खोल दरीच्या काठावर आहे. उतारावर मऊ दगड कोरून घरे केलेली, एकाचे छप्पर तो दुसऱ्याचा रस्ता. या वस्तीला 'सास्सी' म्हणतात, म्हणजे नुसते 'दगड'. तिथे एक जुने घर आतल्या सामानासकट पाहायला ठेवले आहे. एकच खोली. उंच पलंग, त्याखाली कोंबड्या, आत खेचराची जागा, आणि गादीत मक्याची पाने. पेटीचा खण ओढून त्यात मूल निजवायचे. मी त्या पलंगाकडे पाहत राहिले. बाळंतीण इथेच, खेचरही इथेच!

कार्लो लेव्ही नावाच्या डॉक्टर-चित्रकाराला तिथल्या फॅसिस्ट सरकारने १९३५ साली या भागात हद्दपार केले होते. त्याचे पुस्तक १९४५ साली निघाले. त्याच्या बहिणीने मातेऱ्यात पाहिलेली मुले त्यात आहेत. तापाने फणफणलेली, डोळे सुजलेली. ती मागे धावत आली तेव्हा तिला वाटले पैसे मागताहेत. पण ती क्विनाइन मागत होती. पुढे १९५२ साली कायदा झाला आणि सुमारे पंधरा हजार माणसांना तिथून हलवून नवी घरे दिली.

आता मुद्दा असा. एका ओट्याभोवती, एका पाण्याच्या टाक्याभोवती पाच-सात बिऱ्हाडे असत. त्याला 'विचिनातो' म्हणत, आपला शेजार म्हणा. कुणाचे मूल कुणीही सांभाळावे, सुखदुःखाला आधी शेजारीण यावी. नव्या घरांत नळ आला, उजेड आला, पण शेजारणी पांगल्या. आपल्याकडेही वाडे पडून ब्लॉक झाले की हेच बोलणे निघते. काही भगिनी म्हणतील, जुनेच बरे होते. मला तसे वाटत नाही. ज्या घरात लेकरे हिवतापाने जातात त्या घराचे कौतुक पुरे. पण शेजारणींना एका आळीत घरे द्यावीत, एवढा विचार करायला काय हरकत होती? तो बाईमाणसाला विचारला असता तर सुचला असता.

आता ती घरे दुरुस्त झाली आहेत. १९९३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. त्याच गुहांत आज हॉटेले आहेत आणि आपण पैसे मोजून निजतो; गंमतच आहे! चौकाखाली पावसाचे पाणी साठवायचे एक प्रचंड टाके आहे, सुमारे पन्नास लाख लिटरचे. ते मात्र चुकवू नये.

खाण्यात मुख्य तो पाव. कठीण गव्हाच्या रव्याचा, फळे भिजवून केलेल्या आंबवणाचा, किलो-दोन किलोचा एकेक. आठवडाभर टिकतो. पूर्वी पीठ घरी मळायचे आणि भट्टी सामाईक, म्हणून प्रत्येक घराचा लाकडी ठसा असे. पावावर तो उमटवायचा, म्हणजे भट्टीत अदलाबदल नाही. मेंढपाळ हे ठसे कोरीत, वर कोंबडा नाहीतर मूठ, खाली घरधन्याची अक्षरे. मळायचे बाईने आणि अक्षरे त्याची, हे तिथेही आहेच!

शिळा पाव पाण्यात भिजवून टोमॅटो, कांदा, काकडी, मीठ, तेल घालतात. त्याला 'चालेद्दा' म्हणतात. आपल्या फोडणीच्या पोळीची ही बहीणच, फक्त फोडणीवाचून. लाल मिरच्या माळेत वाळवून तेलात क्षणभर तळतात. त्या तिखट नसतात, गोडसर असतात, आणि पापडासारख्या मोडतात. तेल फार तापले तर लगेच कडू.

१ ऑगस्टला 'क्रापियाता' करतात. गहू, हरभरे, मसूर, घेवडा, लाखेची डाळ, बटाटे एका मोठ्या हंड्यात शिजवायचे. पूर्वी शेजारातल्या प्रत्येक घरून मूठमूठ धान्य येई. २ जुलैला देवी मादोन्ना देल्ला ब्रूनाची यात्रा असते. कागदाच्या लगद्याचा सुंदर रथ मिरवतात आणि रात्री लोकच तो फोडून तुकडे शुभ म्हणून घरी नेतात. दरवर्षी नवा रथ!

सवड असली तर समुद्राकडे मेतापोंतोला ग्रीकांच्या देवळाचे पंधरा खांब पाहावेत. क्राको हे १९६३ च्या दरड कोसळण्यानंतर ओस पडलेले गावही आहे. तिथे मी फार वेळ थांबले नाही.

तिथला एक लाकडी ठसा आणला आहे, तो टेबलावर ठेवला आहे. चहाच्या वेळी हातात घेऊन पाहा. पण पिठाचे हात लावू नका, लाकूड जुने आहे.