एक दिवा की दोन्ही?



कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला…
असंख्य भाविक रात्रभर पायी चालतात.
त्या रस्त्यावर हेडलाइट लुकलुकणं धोक्याचं आहे.

आधी इंजिन चालू ठेवून पाहा…
एक दिवा लुकलुकतो, की दोन्ही?

एकच असेल…
तर इंजिन आणि दिवे बंद करा.
त्याच दिव्याचं होल्डर आणि अर्थची वायर तपासा.
गंज पॉलिश पेपरने घासा.
वायर घट्ट बसवा.

पुन्हा सांगते…
एक दिवा, तर होल्डर आणि अर्थ.
आणि दोन्ही दिवे असतील, तर आधी बॅटरी तपासा.

तेव्हाही इंजिन बंदच हवं.
हातमोजे घाला.
आधी मायनसची वायर काढा.
टर्मिनलवरची पांढरट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, ब्रशने घासा.
कोरडं करा… घट्ट आवळा.
मायनस शेवटी जोडा.

तरीही लुकलुकतात?
मग अल्टरनेटर तपासायला गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या…
दिवसाउजेडी.