दिसतं तसं नसतं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



एखाद्या कलावंताविषयी बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मी निवडलेल्या बाईंचं नाव ॲलिसन जॅक्सन. या ब्रिटिश छायाचित्रकार आहेत आणि त्यांचा विषय आहे प्रसिद्ध माणसं. गंमत अशी, की ज्या फोटोंमुळे त्या गाजल्या त्यांत प्रसिद्ध माणूस एकही नाही.

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात आपण देव आनंदचे, अमिताभचे ‘ड्युप्लिकेट’ पाहिले आहेत. टाळ्या पडायच्या, शिट्ट्या वाजायच्या. पण हा खरा नव्हे, हे मांडवातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं. कारण समोर स्टेज असायचं. जॅक्सनबाईंनी ते स्टेजच काढून टाकलं. त्या हुबेहूब दिसणारी माणसं शोधतात, तसाच वेश करवतात आणि खासगी प्रसंग उभे करून फोटो काढतात. फोटो मुद्दाम जरासा पुसट, दाराच्या फटीतून चोरून काढल्यासारखा. राणी एलिझाबेथलासुद्धा त्यांनी शौचालयात बसवलं!

१९९७ साली पॅरिसमध्ये मोटार अपघातात डायना गेली, तेव्हा छायाचित्रकार तिच्या गाडीच्या मागावर होते. १९९९ मध्ये जॅक्सनबाईंनी एक कृष्णधवल फोटो मांडला. त्यात डायना, डोडी आणि त्यांचं तान्हं बाळ. असं बाळ कधी जन्मलंच नव्हतं. लोक संतापले. पण डायनाला दिवस गेले होते ही अफवा तोवर घरोघर फिरून आली होती. बाईंनी त्या अफवेला फक्त चेहरा दिला. त्या मालिकेचं नावच होतं ‘मेंटल इमेजेस’, म्हणजे मनातल्या प्रतिमा. फोटो आपल्याला फसवतो तो कॅमेऱ्याच्या करामतीने कमी आणि आपल्या मनात आधीच असलेल्या चित्रामुळे जास्त, हे त्यांनी दाखवलं.

जॅक्सनबाई निदान सांगतात, की ही माणसं तोतया आहेत. आपल्या मोबाइलवर येणारे फोटो तसं सांगत नाहीत. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जाकिटातला फोटो जगभर फिरला. त्याला ना तोतया लागला, ना कॅमेरा. संगणकाने तो बनवला होता.

आणि आता प्रसिद्ध असण्याचीही गरज उरलेली नाही. सहलीच्या फोटोतला कुठल्याही मुलीचा चेहरा पुरतो. म्हणून समोर बसलेल्या मुलामुलींना सांगतो: कुणाची बदनामी करणारा फोटो आला, तर तो पुढे पाठवू नका. तुमचाच आला, तर घाबरून गप्प बसू नका. घरी सांगा, बाईंना सांगा. आणि पालकांनो, ती सांगायला येईल तेव्हा पहिला प्रश्न ‘तू काय केलंस?’ असा विचारू नका.

आपल्या बॅचच्या ग्रुपसाठीही एक विनंती. फोटो खरा की खोटा, हे दर वेळी आपल्याला ओळखता येणार नाही. पण ‘हा खरा असावा असं मला का वाटतंय?’ हे स्वतःला विचारता येतं. त्या माणसावर आपला आधीपासून राग असेल, तर उत्तर तिथेच मिळेल. तेवढा वेळ बोट आवरावं.